सॉफ्टवेअर पॅकेजची स्थापना आणि दोषनिवारण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या, कंपन्यांच्या आणि संशोधकांच्या अंगाने झालेले आढळते. यंत्र विकत घेतल्यानंतर त्यावर एखादी प्रणाली बसविताना प्रत्यक्षात काय घडते, ती का बसत नाही आणि बसत नसेल तर तो दोष कोण व कशाच्या आधारे दूर करतो, या प्रश्नांकडे इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात, न्यायालयात किंवा कार्यालयात मात्र संगणकीकरणाचे यशापयश पुष्कळदा याच टप्प्यावर ठरते. यंत्र आहे, वीज आहे, शिकणारे विद्यार्थी आहेत. पण आवश्यक पॅकेज स्थापित होत नाही, म्हणून तासिका वाया जाते, असा अनुभव ग्रामीण भागातील संगणकशास्त्राच्या अध्यापकांना नवा नाही.

प्रस्तुत शोधनिबंधात युनिक्स व युनिक्ससदृश प्रणालींवरील पॅकेज स्थापनेचा इतिहास आणि त्या स्थापनेत येणाऱ्या दोषांचे निवारण यांचा विचार धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. दोषनिवारण हे केवळ तांत्रिक कौशल्य नसून त्यात ज्ञान कोठे साठविले जाते, ते कोणाच्या हाती असते आणि अंतरामुळे ते कसे दुरावते, हा सामाजिक इतिहासाचा प्रश्न दडलेला आहे, अशी या निबंधामागील भूमिका आहे.

उद्दिष्टे :

१. युनिक्ससदृश प्रणालींवरील पॅकेज व्यवस्थेच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२. प्रत्येक टप्प्यावर दोषांचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा मागोवा घेणे.
३. वीज, इंटरनेट व भाषा या घटकांचा पॅकेज स्थापनेवर होणारा परिणाम जिल्हा पातळीच्या दृष्टीने तपासणे.
४. स्थापनेच्या व दोषांच्या नोंदींचे इतिहासाचे साधन म्हणून मूल्य विशद करणे.

गृहीतके :

१. पॅकेज व्यवस्थेमुळे दोष नाहीसे झाले नाहीत, तर त्यांचे स्थान बदलले.
२. दोषनिवारणाचे ज्ञान लेखी स्वरूपात जतन न झाल्यास संस्थेची तांत्रिक स्मृती व्यक्तीबरोबर नष्ट होते.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी :

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान भारतीय संघराज्यात आले. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये या जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा असे आठ तालुके या जिल्ह्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्याचा उमरगा-लोहारा परिसरही उद्ध्वस्त केला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत हा जिल्हा होता.

तथापि शिक्षणाच्या दृष्टीने जिल्हा अगदीच मागे राहिला असे म्हणता येत नाही. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी जिल्ह्याच्या मुख्यालयी तेरणा संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९८६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने तुळजापूर येथे आपले ग्रामीण केंद्र स्थापन केले, तर २००४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र उस्मानाबाद येथे सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहावर आधारित निकनेट या जाळ्याद्वारे देशातील जिल्हा मुख्यालये जोडण्यास सुरुवात केली होती. म्हणजे संगणक जिल्ह्याच्या ठिकाणी तुलनेने लवकर पोहोचला. प्रश्न होता तो संगणक चालू ठेवण्याच्या ज्ञानाचा.

स्रोतसंहितेचा काळ :

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. १९७३ मध्ये ही प्रणाली सी भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळे ती एका यंत्राहून दुसऱ्या यंत्रावर नेणे शक्य झाले. या काळात सॉफ्टवेअर स्थापित करणे म्हणजे स्रोतसंहिता मिळविणे, ती आपल्या यंत्रास अनुकूल करणे आणि तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणे होय. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेल्या 'मेक' या साधनाने कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे, हे लिहून ठेवण्याची सोय केली. ही नोंद म्हणजे अवलंबित्वाच्या लेखनाचा आरंभ मानता येईल. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांच्या 'ऑटोकॉन्फ'मुळे निरनिराळ्या युनिक्स प्रणालींतील फरक आपोआप तपासले जाऊ लागले.

या काळातील दोष प्रामुख्याने रूपांतराच्या वेळी उघड होत. एखादी शीर्षक फाइल सापडत नसे, एखादे ग्रंथालय जुने असे, तर कधी संकलकाची आवृत्ती वेगळी असे. दोषनिवारण करणाऱ्याला सी भाषा अवगत असणे आवश्यक होते. त्यामुळे हे ज्ञान मोठी विद्यापीठे, संशोधन संस्था व महानगरांतील कंपन्या यांच्यापुरते मर्यादित राहिले. शिवाय एकदा स्थापित केलेले सॉफ्टवेअर काढून टाकण्याची खात्रीशीर पद्धत नव्हती. कोणत्या फाइली कोठे गेल्या याची नोंद कोठेच होत नसल्यामुळे यंत्राची अवस्था हळूहळू अगम्य बनत असे.

पॅकेज व्यवस्थेचा उदय :

ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची घोषणा केली. कर्नल हा प्रणालीचा केवळ गाभा असतो; त्याभोवती शेकडो साधने जुळवून एकसंध वितरण तयार करण्याची गरज लगेचच निर्माण झाली. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी घोषित केलेले डेबियन ही या गरजेतून जन्मलेली वितरणे होत. १९९४ मध्ये डेबियनसाठी 'डीपीकेजी' हे साधन लिहिले गेले. त्याचा गाभा पुढे त्याच वर्षी इयान जॅक्सन यांनी सी भाषेत नव्याने लिहिला. १९९५ मध्ये रेड हॅट लिनक्समध्ये मार्क युइंग व एरिक ट्रोन यांनी विकसित केलेली 'आरपीएम' पद्धती आली.

पॅकेज म्हणजे रूपांतरित फाइलींचा गठ्ठा एवढाच त्याचा अर्थ नाही. त्या गठ्ठ्यासोबत त्याचे नाव, आवृत्ती, त्याला लागणारी अन्य पॅकेजेस, त्याच्याशी न जमणारी पॅकेजेस आणि स्थापनेपूर्वी व स्थापनेनंतर करावयाच्या कृती यांचे लेखी वर्णन असते. स्थापित झालेल्या प्रत्येक फाइलीची नोंद यंत्रात ठेवली जाते. थोडक्यात, यंत्राला प्रथमच स्वतःचे दप्तर प्राप्त झाले. प्रशासनाच्या इतिहासात तोंडी वहिवाटीकडून लेखी दप्तराकडे झालेल्या स्थित्यंतराला जे महत्त्व आहे, ते संगणकाच्या इतिहासात या बदलाला द्यावे लागेल.

मात्र या दप्तराने एक नवी अडचण उघड केली. एक पॅकेज स्थापित करू पाहावे तर ते दुसऱ्याची मागणी करी, दुसरे तिसऱ्याची. आणि तिसरे पॅकेज आधीच्या एखाद्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीवर अडून बसे. वापरकर्त्याला ही साखळी हाताने सोडवावी लागे. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर आलेल्या 'ॲप्ट' या साधनाने भांडारातील सर्व पॅकेजेसची सूची वाचून ही साखळी आपोआप सोडविण्याची सोय केली. आरपीएमवर आधारित वितरणांसाठी ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले 'यम' हे साधन २००३ पासून फेडोरात उपलब्ध झाले.

अवलंबित्वाचे गणित :

अवलंबित्वाची साखळी सोडविणे हे वरकरणी कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात ते गणिती दृष्ट्या कठीण आहे. २००४ ते २००७ या काळात चाललेल्या 'ईडॉस' या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये असे दाखवून दिले की, दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज स्थापित करता येईल की नाही, हे ठरविण्याचा प्रश्न एनपी-पूर्ण या वर्गात मोडतो. म्हणजेच सर्व परिस्थितींत तो झटपट सोडविणारी रीत ज्ञात नाही. या संशोधनाच्या सुमारास, २००८ मध्ये ओपनसुसे ११.० या वितरणाने तर्कशास्त्रीय समाधानकारकतेच्या पद्धतीचा वापर सुरू केला, आणि २०१५ मध्ये फेडोरा २२ मध्ये यमच्या जागी 'डीएनएफ' आले तेव्हा त्यातही हीच पद्धत स्वीकारली गेली.

या बाबीचे व्यावहारिक तात्पर्य अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पॅकेज व्यवस्थापक 'अवलंबित्व पूर्ण होत नाही' असे सांगतो, तेव्हा तो नेहमीच काही मोडले आहे असे सांगत नसतो. दिलेल्या सूचीत, दिलेल्या अटींसह, आपल्याला मार्ग सापडला नाही एवढेच त्याचे म्हणणे असते. म्हणून निवारणाची पहिली पायरी पॅकेज सक्तीने लादणे ही नसून अटी तपासणे ही आहे. सूची ताजी आहे काय, भांडारांत दोन भिन्न आवृत्त्यांची सरमिसळ झाली आहे काय, एखादे पॅकेज जुन्या आवृत्तीवर रोखून ठेवले आहे काय, हे प्रश्न या क्रमाने विचारल्यास बहुतेक गाठी सुटतात. सक्तीने केलेली स्थापना त्या दिवसाची तासिका वाचविते, परंतु यंत्राच्या दप्तरात विसंगती पेरून ठेवते.

मोठेपणाची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल की, जून २००५ मध्ये आलेल्या डेबियन ३.१ मध्ये सुमारे १५,४०० पॅकेजेस होती. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये त्यांची संख्या ६४,४१९ झाली. एवढ्या विस्तृत भांडारातील परस्परसंबंध कोणत्याही एका व्यक्तीच्या स्मरणात राहणे अशक्य आहे. ज्ञान व्यक्तीकडून भांडाराकडे सरकले, ते या अर्थाने.

मराठीचा प्रश्न :

भाषेच्या बाबतीत पॅकेज स्थापनेचा इतिहास मराठी वाचकांशी थेट संबंधित आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही महाराष्ट्रातील मुद्रणालये व कार्यालये यांत दीर्घकाळ युनिकोडबाह्य फॉन्ट प्रचलित राहिले. अशा फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडल्यास निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. लिनक्सवर तो फॉन्ट बसविण्याचा अधिकृत मार्ग पुष्कळदा नसे. महाविद्यालयांचे जुने अहवाल, प्रश्नपत्रिका, स्मरणिका आणि शोधप्रबंध यांपैकी बराच मजकूर अशा रीतीने एका फॉन्टच्या आयुष्याशी बांधला गेला.

लिनक्सवर देवनागरी आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातूनही झाले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडिक्स' प्रकल्प आणि २००० च्या सुमारास सुरू झालेला 'इंडलिनक्स' हा स्वयंसेवी उपक्रम यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. २००७ च्या सुमारास सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' हे भारतीय भाषांना अनुकूल वितरण आणले. या प्रयत्नांमुळे मराठी हा यंत्रावर बाहेरून चढविलेला थर न राहता भांडारातील पॅकेजचा विषय बनला.

तरी दोष संपले नाहीत. ते अधिक सूक्ष्म झाले. मराठी मजकूर नीट दिसण्यासाठी फॉन्ट, अक्षरजुळणी करणारे ग्रंथालय, मराठीचा लोकेल आणि कळफलकाची आदानपद्धती हे चार घटक एकाच वेळी जुळावे लागतात. फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात. अक्षरजुळणी चुकली तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनानंतर पडते. लोकेल निर्माण केलेला नसेल तर 'निवडलेली भाषा उपलब्ध नाही' अशी सूचना प्रत्येक आज्ञेबरोबर येत राहते. आदानपद्धती नसेल तर सर्व काही वाचता येते, पण लिहिता येत नाही. या चार दोषांची लक्षणे वेगळी असूनही तक्रार मात्र एकच असते, 'मराठी चालत नाही'. लक्षणावरून घटक ओळखणे हेच येथे निवारणाचे सूत्र होय.

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत अर्थभेद असून तो केवळ रफार व अर्ध्या ऱ्याच्या लेखनावर अवलंबून आहे. हिंदीला या अर्ध्या ऱ्याची गरज नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. 'ल' व 'श' या अक्षरांची मराठी वळणेही हिंदीहून भिन्न आहेत. म्हणूनच डेबियनच्या भांडारात लोहितच्या सर्वसाधारण देवनागरी पॅकेजखेरीज मराठीचे स्वतंत्र पॅकेज आढळते. भाषेचे वेगळेपण पॅकेजच्या नावात नोंदविले जाणे, ही भाषिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही दखल घ्यावी अशी घटना आहे.

वीज, इंटरनेट आणि घड्याळ :

पॅकेज व्यवस्था महानगरी विद्यापीठांच्या परिस्थितीत विकसित झाली. अखंड वीज व अखंड इंटरनेट या तिच्या न लिहिलेल्या अटी होत्या. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. स्थापना चालू असताना वीज गेल्यास काय घडते, याचे उत्तर डीपीकेजीच्या रचनेतच आहे. हे साधन प्रत्येक पॅकेजची अवस्था नोंदवीत असते: अर्धवट स्थापित, उलगडलेले, अर्धवट रचलेले आणि पूर्ण स्थापित. वीज परत आल्यावर पुढील आज्ञा देताच, आधीचे काम मध्येच तुटले असून उरलेली रचना प्रथम पूर्ण करावी, असे हे साधन बजावते आणि त्यासाठीची आज्ञाही सांगते. अनेकदा या एका आज्ञेने यंत्र पूर्ववत होते. सूचना न वाचता संपूर्ण प्रणाली नव्याने बसविण्याची प्रथा मात्र अनेक प्रयोगशाळांत रूढ झाली. तिच्यामुळे एका मिनिटाचे काम अर्ध्या दिवसाचे होते आणि विद्यार्थ्यांच्या फाइलीही जातात.

इंटरनेटचा प्रश्न अधिक खोल आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, परंतु पुरेशा गतीची जोडणी जिल्ह्यांत पोहोचण्यास बराच काळ लागला. या दरम्यानच्या काळात सीडी हेच भांडार होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटू या वितरणाने मागेल त्याला टपालाने विनामूल्य सीडी पाठविण्याची योजना राबविली. ती २०११ मध्ये बंद झाली. सीडीवर मावते तेवढेच पॅकेज मिळे. त्यापलीकडचे पॅकेज हवे असल्यास जोडणी असलेल्या दुसऱ्या यंत्रावरून ते व त्याची सर्व अवलंबी पॅकेजेस उतरवून आणावी लागत. एक जरी राहिले तरी पुन्हा फेरी घडे.

पुढे महाविद्यालयांत जोडणी आली, ती बहुधा प्रॉक्सी सर्व्हरमार्फत. यातून दोषांचा नवा वर्ग निर्माण झाला. ब्राउझरमध्ये संकेतस्थळे उघडतात, पण पॅकेज उतरत नाही. कारण ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता दिलेला असतो, पॅकेज व्यवस्थापकाला नाही. काही वेळा प्रॉक्सीने साठवून ठेवलेली जुनी सूची व भांडारातील नवे पॅकेज यांचा मेळ बसत नाही आणि पडताळणीची बेरीज जुळत नसल्याचा दोष येतो. जुनी उतरविलेली सूची काढून टाकून ती नव्याने मागविणे, हा त्यावरील उपाय होय.

घड्याळाचा दोष वरवर क्षुल्लक भासतो. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली की यंत्राची तारीख अनेक वर्षे मागे जाते. २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० पासून भांडाराची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाऊ लागली आणि स्वाक्षरीला तारीख असते. यंत्राच्या मते 'आज' स्वाक्षरीच्याही आधीचा दिवस असल्यास यंत्र ती अमान्य करते. दोष सुरक्षेचा दिसतो, कारण मात्र अल्प किमतीच्या बॅटरीत असते. असे असले तरी स्वाक्षरीची तपासणी बंद करणे हा योग्य उपाय नव्हे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये हेतुपुरस्सर लपविलेला चोरमार्ग आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आला, तो एका किरकोळ वाटणाऱ्या विलंबाचा पाठपुरावा केल्यामुळे. विश्वासार्ह स्वाक्षरी असूनही धोका उरतो. स्वाक्षरीच नाकारल्यास तो कितीतरी वाढतो.

न्यायालये व अध्यापन :

जिल्हा पातळीवर लिनक्स पोहोचण्यात ई-न्यायालय प्रकल्पाचा वाटा मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने या प्रकल्पासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले. देशभरातील चौदा हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटू लिनक्सच्या वापराचे प्रशिक्षण देण्यात आले आणि खटल्यांच्या नोंदीसाठीची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील केंद्राने विकसित केली. त्यामुळे जिल्हा व तालुका न्यायालयातील नोंदींचे सातत्य हे युनिक्ससदृश प्रणालींच्या देखभालीशी जोडले गेले. पॅकेज वेळेवर अद्ययावत होणे हा येथे पक्षकाराच्या हिताचा विषय ठरतो.

अध्यापनाच्या क्षेत्रात २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाने महाविद्यालयांना जोडणी देण्याचे कार्य हाती घेतले. याच अभियानाच्या साहाय्याने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांच्या या ध्वनिचित्रपाठांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण झाले. लिनक्सविषयीच्या मालिकेत 'सिनॅप्टिक' या साधनाद्वारे उबुंटूवर पॅकेज कसे स्थापित करावे, याचाही पाठ आहे. तज्ज्ञ शेजारी नसताना विद्यार्थ्याने पाठ पाहत स्वतःच्या यंत्रावर तीच कृती करावी, ही त्यामागील कल्पना. दोषनिवारणाचे ज्ञान मराठीत आणि जिल्ह्याच्या आवाक्यात आणण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता.

या पाठांच्या मर्यादेतूनही एक ऐतिहासिक बोध मिळतो. हा पाठ उबुंटू १०.०४ या आवृत्तीवर आधारलेला होता. डेस्कटॉपसाठी त्या आवृत्तीचा आधार २०१३ मध्ये संपला. आधार संपलेल्या आवृत्तीचे भांडार कालांतराने नेहमीच्या पत्त्यावरून हलवून जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात ठेवले जाते. पाठातील कृती जशीच्या तशी केली तरी यंत्र 'फाइल सापडत नाही' असे उत्तर देते. विद्यार्थ्याला आपली चूक झाली असे वाटते. वस्तुतः भांडाराचा पत्ता बदललेला असतो. तंत्रज्ञानाच्या पाठ्यसामग्रीला तारीख व आवृत्ती यांचा संदर्भ किती आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते. साधनाचा काळ निश्चित केल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये, हा इतिहासशास्त्राचा नियम येथेही तितकाच लागू पडतो.

नामांतर आणि दप्तर :

पॅकेजचेही नामांतर होते. डेबियनमधील फॉन्टच्या पॅकेजेसची नावे २०११-१२ च्या सुमारास एका नव्या पद्धतीनुसार बदलण्यात आली. जुने नाव एकदम पुसून टाकले असते तर त्या नावावर अवलंबून असलेली पॅकेजेस अडली असती. म्हणून संक्रमणकालीन पॅकेजची योजना केली जाते. जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवले जाते आणि ते नव्या नावाकडे बोट दाखविते. कोणते नवे पॅकेज कोणत्या जुन्याची जागा घेते, हे दप्तरात लिहिले जाते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या मंजुरीनंतर उस्मानाबाद शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव असे अधिकृत झाले. नामांतराची सामाजिक व राजकीय मीमांसा हा या निबंधाचा विषय नाही. तथापि अभिलेखांच्या दृष्टीने उद्भवणारा प्रश्न पॅकेजच्या नामांतरासारखाच आहे. एखाद्या सूचीत केवळ 'धाराशिव' असा शोध घेतल्यास १९८३ चे महाविद्यालय, १९९३ चा भूकंप किंवा २००४ चे उपकेंद्र यांविषयीचे तत्कालीन लेखन सापडणार नाही, कारण ते 'उस्मानाबाद' या नावाखाली नोंदले गेले आहे. केवळ जुन्या नावाने शोधणाऱ्यास नवे लेखन सापडणार नाही. दोन्ही नावे परस्परांशी जोडणारी नोंद ठेवणे, म्हणजेच संक्रमणकालीन पॅकेजची युक्ती ग्रंथालयाच्या सूचीत वापरणे, हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दोषांच्या नोंदींचे ऐतिहासिक मूल्य :

डीपीकेजी प्रत्येक स्थापना, उन्नयन व निष्कासन यांची तारीख-वेळेसह नोंद ठेवते. कोणत्या दिवशी कोणते पॅकेज आले, कोणत्या क्षणी काम तुटले, याची ही रोजनिशीच होय. परंतु या नोंदी ठराविक काळानंतर आपोआप पुसल्या जातात आणि प्रणाली नव्याने बसविताच पूर्णतः नष्ट होतात. शिवाय यंत्र 'काय घडले' हे लिहिते. 'का केले' हे लिहित नाही. ते लिहिणे प्रयोगशाळेच्या चालकाचे काम आहे. बहुतेक ठिकाणी हे ज्ञान एखाद्या अध्यापकाच्या किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाच्या स्मरणात असते. त्यांची बदली किंवा सेवानिवृत्ती झाली की तेच दोष नव्याने भेडसावतात. हैदराबाद संस्थानाच्या काळातील उर्दू दप्तरे हाती असूनही ती वाचणारे कमी होत गेल्याने ती ज्याप्रमाणे मुकी झाली, त्याप्रमाणे प्रणाली हाती असूनही ती कशी उभी केली हे सांगणारा कोणी नसेल तर तीही मुकी होते.

निष्कर्ष :

१. स्रोतसंहितेच्या काळात दोष रूपांतरात होता. पॅकेजच्या काळात तो अवलंबित्वात आला. ऑनलाइन भांडारांच्या काळात तो जोडणी, स्वाक्षरी व आवृत्तीचे आयुर्मान यांत आढळतो. दोषांचे स्थान बदलले, हे पहिले गृहीतक ग्राह्य ठरते.
२. पॅकेज व्यवस्थेने निवारणासाठी लागणारे प्रोग्रामिंगचे ज्ञान कमी केले, पण सूचना लक्षपूर्वक वाचण्याचे महत्त्व वाढविले.
३. भारनियमन, प्रॉक्सी व जुनी यंत्रे यांमुळे जिल्ह्याच्या ठिकाणी उद्भवणारे दोष महानगरांतील दोषांपेक्षा भिन्न असतात. म्हणून त्यांच्या निवारणाची पुस्तिकाही स्थानिक अनुभवावर आधारलेली असावी.
४. मराठीचा आधार हा एकच घटक नसून चार घटकांचा समन्वय आहे. दोषाचे लक्षण पाहून घटक ओळखणे हे विद्यार्थ्यांना शिकविले गेले पाहिजे.
५. स्थापनेची लेखी नोंद न ठेवल्यास संस्थेची तांत्रिक स्मृती व्यक्तीबरोबर जाते, हे दुसरे गृहीतकही वरील विवेचनावरून पुष्ट होते.

समारोप :

प्रत्येक संगणक प्रयोगशाळेत एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वितरणाची आवृत्ती, आलेला दोष शब्दशः आणि लागू पडलेला उपाय लिहावा. विद्यापीठाच्या उपकेंद्रासारख्या ठिकाणी भांडाराची एक स्थानिक प्रत ठेवल्यास भोवतालच्या महाविद्यालयांना मंद जोडणीचा अडसर राहणार नाही. युनिकोडबाह्य फॉन्टमधील जुना मजकूर, तो वाचू शकणारी यंत्रे हयात आहेत तोवरच रूपांतरित करून घ्यावा. या तीनही गोष्टींना विशेष खर्च लागत नाही. त्या न झाल्यास गेल्या तीन दशकांतील जिल्ह्याचा शैक्षणिक व प्रशासकीय इतिहास लिहू पाहणाऱ्या उद्याच्या संशोधकासमोर फाइली असतील, पण त्या उघडणारे साधन नसेल. ताम्रपट व मोडी कागद शतकानुशतके टिकून राहिलेल्या तेरसारख्या प्राचीन नगराच्या जिल्ह्यात, अवघ्या वीस वर्षांपूर्वीचा मजकूर अवाच्य व्हावा, हे इतिहासाच्या अभ्यासकांना परवडणारे नाही.